तिच्यासाठी माग बंद केले तेव्हा

डॉक्टरांनी तिला विचारलं, "झोप लागते का?" आणि उत्तर मी दिलं. "लागते की. चांगली लागते."

ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. डोक्याला सुती रुमाल, वरून पदर. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाच्या कडेची निघालेली पट्टी बोटानं दाबत राहिली. डॉक्टरांनी पुढं विचारलं, "आणि चालणं? व्यायाम?" मी म्हणालो, "रोज. सकाळ-संध्याकाळ." त्यांनी ते लिहून घेतलं.

दोन्ही खोटं होतं. ती झोपत नव्हती आणि मी तिला चालू देत नव्हतो.

हे मी आजवर कुठं लिहिलेलं नाही, आणि सांगितलं तेही अगदी आत्ता, एक-दोघांना. आमच्या धंद्यात बोलायची सवयच राहत नाही. यंत्रमागांच्या आवाजात माणूस हातानं आणि भुवयांनी बोलतो, आणि घरी आल्यावरही तेच चालू ठेवतो. पण ही गोष्ट तशी सांगता येण्यातली नाही.

सोलापुरात भवानी पेठेच्या अंगाला आमचं घर. खाली कारखाना, वर आम्ही. कारखाना म्हणजे टॉवेलचे सहा माग, वडिलांच्या वेळेपासून दिवस-रात्र दोन पाळ्यांत चालत आलेले. माग चालू असले की वरची फरशी तळपायाला बारीक थरथरते. फळीवरचे पेले दिवसभरात बोटभर पुढं सरकतात. येता-जाता ते मागं ढकलायचे, हे आमच्या घरातलं लहान पोरांना शिकवायचं पहिलं काम.

ती मंगळवेढ्याकडची, रानातल्या वस्तीवर वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा महिनाभर तिला झोप लागली नाही. सकाळी डोळे लाल. माझ्या आईला विचारायची, "आत्या, हे रातभर असंच खडखडतंय व्हय?" आई म्हणायची, "होईल सवय." झाली. वर्षाच्या आत एका दुपारी वीज गेली, सगळे माग एकदम थांबले आणि गाढ झोपलेली ती दचकून उठून बसली. "काय झालं? कोन आलं?" माझे वडील हसले. म्हणाले, "आता ही आपल्या घरातली झाली."

हे मुद्दाम आधी सांगतो आहे. पुढं मी जे केलं ते मला ठाऊक नव्हतं म्हणून केलं, असं कुणाला वाटू नये.

तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग केमो ठरली, दर तीन आठवड्यांनी एक. मुलगी पुण्याहून येऊन पंधरा दिवस राहिली आणि तिच्या संसारात परत गेली. पहिली केमो घेऊन आलो त्या दिवशी मी हिला धरून जिना चढवला, पलंगावर निजवलं, खाली आलो आणि सहाच्या सहा माग बंद केले. कामगारांना ओळखीच्या कारखान्यांत लावून दिलं. मनाला सांगितलं, ही शांततेत वाढलेली बाई आहे, शांततेत बरी होईल.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. बायकोसाठी माग बंद केले! समोरच्या तेलुगू विणकराच्या घरातली म्हातारी आपल्या मुलाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "बघ, ह्याला म्हणतात नवरा. नाहीतर तू." माझा मेव्हणा एसटीनं ज्वारीचं पीठ घेऊन आला. बहिणीच्या पायाशी बसला, खालचा शुकशुकाट ऐकला आणि त्याचे डोळे भरून आले. "दाजी, तुमच्यासारका मानूस न्हाय बगा." मी मान खाली घातली. त्याला तो माझा मोठेपणा वाटला. खरं सांगायचं तर मलाही वाटला.

माग थांबले तशी तिची कामंही थांबली. आडवा दोरा टाकणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायचं मशीन जिन्याखाली होतं आणि गेली पंचवीस वर्षं ते तिच्याकडं होतं. भरलेल्या कांड्यांची टोपली घेऊन सहाही मागांवर फिरायचं, रिकाम्या गोळा करायच्या, मधेच वर जाऊन भाकरी टाकायच्या, परत खाली. दिवसातनं किती वेळा ती जिना चढायची-उतरायची ते कुणी मोजलं नव्हतं. आता मी तिला सांगितलं, पलंगावरून उठायचं नाही. पाण्याचा तांब्या हातात, ताट हातात. पहिले चार दिवस तिला ते बरं वाटलं असावं, अंगात काही नसायचंच. पण सहाव्या दिवशी ती उठून खिडकीशी उभी राहिली तेव्हा मी ओरडलो, "पड की! कशाला उठलीस?"

"पडून पडून पाट दुकाया लागली."

"डॉक्टरांनी आराम सांगितलाय."

डॉक्टरांनी आराम सांगितला नव्हता. उलट दवाखान्यातल्या फिजिओ मॅडमनी एक कागद दिला होता. मॅडम म्हणजे माझ्या मुलीपेक्षाही लहान पोरगी. कागदावर लिहिलं होतं, झेपेल तसं दिवसातनं दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं चालायचं. भिंतीवर बोटं चढवत चढवत हात वर न्यायचा. दुपारी अर्ध्या तासाच्या वर पडायचं नाही. मॅडमनी समजावूनही सांगितलं होतं, "काकू, थकवा आला म्हणून नुसतं पडून राहिलात की थकवा आणखी वाढतो. आणि दिवसा अंग हललं नाही तर रात्री झोप कुठनं येणार?" हिनं मान डोलवली होती.

तो कागद मी घरी आणला आणि औषधांच्या पिशवीच्या तळाशी ठेवून दिला. त्या वेळी कुणी कारण विचारलं असतं तर म्हणालो असतो, पडली तर? जंतू लागले तर? तेही खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली आणखी एक कारण होतं. जिच्यासाठी अख्खा कारखाना बंद ठेवलाय ती बाई गल्लीतनं हिंडताना दिसली, तर लोक काय म्हणतील? इतकं साधं, आणि इतकं हलकं.

ती जागीच असायची. केमोबरोबरच्या गोळ्यांनी दोन-तीन दिवस झोप उडते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. हिचे आठवडे गेले. केव्हाही बघावं तर डोळे उघडे, छताकडे. विचारलं की म्हणायची, "लागती की मदीमदी." ते माझ्यासाठी. ज्या माणसानं एवढं केलं त्याच्या तोंडावर कसं सांगायचं, की ह्या शांततेनं डोकं फुटायला लागलंय?

आणि मला ते सांगायची गरजही नव्हती. कारण मलाही झोप लागत नव्हती. जन्मल्यापासून मागांच्या आवाजावर झोपलेला माणूस मी. पहिल्या आठवड्यातच मला कळलं होतं, की कान कशाची तरी वाट बघत राहतात. मला होत होतं ते तिलाही होत असणार, हे कळायला काही शिकावं लागत नाही. खाली जाऊन एक बटण दाबायचं होतं. पण तोवर मी बायकोसाठी माग बंद करणारा माणूस झालो होतो.

दोन गल्ल्या पलीकडं माझ्या शाळासोबत्याचा चादरींचा कारखाना आहे. एका दुपारी सहज म्हणून गेलो, गठ्ठ्यांना टेकून बसलो आणि झोपलो. साधं नाही, दोन तास, मेल्यासारखा. त्यानं हलवून उठवलं.

"क्या भाई, घर में जगह नहीं क्या?"

"डोळा लागला."

"लगने दो. भाभी कैसी है? नींद आती?"

"येते."

"फिर तुम्हारेकू क्या हुआ?"

मी हसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी परत गेलो, तिसऱ्या दिवशीही गेलो. पुढं पुढं तो माझ्यासाठी कोपऱ्यातला गठ्ठा मोकळा ठेवू लागला. घरी सांगायचो, "सूत बघून येतो." माग बंद असलेल्या माणसाला रोज कसलं सूत बघायचं असतं, हे तिनं विचारलं नाही. ती मान हलवायची आणि मी दार ओढून घेऊन जिना उतरायचो. हे महिना-सव्वा महिना चाललं. ती त्या गप्प घरात छताकडे बघत पडलेली, आणि मी दुसऱ्याच्या मागांच्या आवाजावर घोरत.

तिसऱ्या केमोच्या आधी दवाखान्याच्या जिन्यात ती चौथ्या पायरीवर खाली बसली. उठवेना. सुरुवातीला लिहिलं ते डॉक्टरांचं विचारणं त्याच दिवशीचं. माझं उत्तर लिहून घेतल्यावर त्यांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. म्हणाले, "डोळे तर तसं सांगत नाहीत."

ती हळूच म्हणाली, "जाग येती मदीमदी."

"रोज चालूनही जाग येत असेल तर हलकी गोळी देऊन बघू." रक्ताचा रिपोर्टही बरा नव्हता. केमो आठवडाभर पुढं ढकलली.

ती गोळी माझ्या खोट्यावर लिहिलेली होती. चौथ्या दिवशी सकाळी, डोळ्यांवर गुंगी असताना, ती मोरीत घसरली. मी चहा टाकत होतो. आवाज मोठा आला नाही, बादली हलल्यासारखा आला. पडताना तिनं उजवा हात टेकला होता, ऑपरेशनच्या बाजूचा. मनगटाचं हाड चिरलं.

प्लास्टर घालून आम्ही परत त्याच खुर्च्यांवर बसलो. डॉक्टरांनी विचारलं, "कसं काय पडलात?" मी तोंड उघडलं.

"तुमी थांबा," ती म्हणाली.

सव्वीस वर्षांत परक्या माणसासमोर तिनं मला कधी असं थांबवलं नव्हतं.

"मी चालत न्हाय, डॉक्टर. मला उटू देत न्हाईत. आन् झोप न्हाय. लागती म्हनून सांगतात, पर न्हाय लागत."

 डॉक्टरांनी फिजिओ मॅडमना बोलावून घेतलं. मॅडमनी डॉक्टरांनी मागच्या वेळी लिहून घेतलेलं वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. "काका, मग रोज सकाळ-संध्याकाळ चालत कोण होतं? तुम्ही?"

मला वाटलं होतं हे ऐकून बायको हसेल. ती हसली नाही.

गोळी बंद झाली. केमो आणखी आठवडाभर लांबली. या पंधरा दिवसांनी काही फरक पडला की नाही, हे मी डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "माग चालू करा."

"कापूस उडतो. तुझ्या छातीत जाईल."

"इचारलं मी डॉक्टरला. खाली जायचं न्हाय, खिडक्या लावून वर बसायचं म्हनले. चालू करा."

मी पाणी आणायला गेलो होतो तेवढ्यात तिनं विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन माग सुरू केले, दोन्ही पाळ्यांत. आणि त्याच संध्याकाळी ती गळ्यात हात अडकवून गल्लीत उतरली. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत, म्हणजे पाच मिनिटंही नाही. मी चार पावलं मागं. समोरची म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "काय गं, हिंडायला लागलीस?"

"व्हय, आज्जी. लई दिस बसून खाल्लं." मग माझ्याकडे वळून, "आन् तुमी मागं मागं काय येताय, पोलिसावानी? बरोबर चाला, न्हायतर घरी जावा."

मी बरोबर चाललो. लोक काय म्हणतील याची मला भीती होती, पण कुणीच काही म्हणालं नाही. लोकांना तेवढा वेळ नसतो.

झोप काही लगेच आली नाही. माग सुरू झाले त्या पहिल्या रात्री ती तीन-चार तास झोपली. मी शेजारी पडून तिचा श्वास ऐकत होतो आणि मला मात्र झोप येईना. पुढच्या दोन रात्री परत कोऱ्या गेल्या. रक्त वाढायच्या इंजेक्शननं हाडं ठणकायची, मधेच अंगाची आग व्हायची, घामानं रुमाल भिजायचा. फिजिओ मॅडम म्हणाल्या, "एकेक रात्र मोजू नका, काकू. आठवडा बघा. आणि चालणं सोडू नका." तिनं सोडलं नाही. केमोनंतरचे तीन दिवस नुसती खोलीतल्या खोलीत, मग गिरणीपर्यंत, मग मारुतीच्या देवळापर्यंत. चिडली की जास्त चालायची. शेवटच्या केमोच्या सुमाराला तिला सलग चार-पाच तास झोप लागत होती. दवाखान्याचा जिना ती न बसता चढली. मग रेडिएशन झालं. तेही पार पडलं.

त्या दुपारच्या झोपेबद्दल मी काही बोललो नाही. गल्लीत आता लोक म्हणायला लागले, बायकोला रोज हाताला धरून फिरवतो. एक कौतुक गेलं तर त्याच्या जागी दुसरं आलं. मी तेही घेतलं.

या गोष्टीला आता दीड वर्ष होऊन गेलं. दर काही महिन्यांनी तपासणी असते, आणि सकाळी आम्ही तळ्याकडं चालायला जातो. गेल्या महिन्यात मेव्हण्याचा फोन आला. त्याच्या चुलत भावाच्या बायकोला तोच आजार निघाला होता, केमो सुरू झाली होती. तो म्हणाला, "दाजी, त्याला मी तुमचंच सांगितलंय. म्हनलं, आमच्या दाजींनी आक्काला पलंगावरनं पाय खाली ठेवू दिला न्हाय. तसं कर. तुमी जरा बोला की त्याच्याशी."

मी "बघतो" म्हणालो. ती शेजारी बसून ऐकत होती. दोन दिवस मी त्या फोनकडे बघत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी, तळ्याच्या कडेनं चालताना, मी तिला म्हणालो, "मी तेव्हा झोपत होतो."

"कवा?"

"दुपारी. सूत बघायला जातो म्हणायचो ना, तेव्हा. मित्राच्या कारखान्यात. रोज."

तिची चाल कमी झाली नाही. दहा-वीस पावलांनी म्हणाली, "म्हाईत हाय."

"त्यानं सांगितलं?"

"कोन सांगतंय. तुमच्या भुवयांवर निळा कापूस असायचा. आपलं टावेल पांढरं, आन् ते बी बंद. निळं सूत कुटनं येनार?"

 एवढा वेळ लपवलेली गोष्ट मी रोज तोंडावर घेऊन घरी येत होतो.

"मग बोलली का नाहीस?"

तिनं पदर कानामागं खोचला. केस आता परत आलेत, आखूड, पांढरे जास्त.

"वाट बगत हुते. आज म्हनतील, उद्या म्हनतील, चल, तू बी चल. दोन गल्ल्या तर हुत्या. तेवडं चालली असते की मी."

समोरून एक ओळखीचे गृहस्थ आले, नमस्कार करून गेले. आम्ही दोघांनीही हात जोडले.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"व्हय. चुकलंच."

मला वाटलं ती पुढं काहीतरी म्हणेल. जाऊ द्या, होतं असं, काहीतरी. ती म्हणाली नाही. थोडं चालल्यावर थांबली आणि म्हणाली, "माज्या भावाला फोन लावा. त्या पोरीला निजवून ठिवली आसंल तिकडं."

"घरी गेल्यावर लावतो."

"आत्ता लावा."

तळ्याच्या कठड्यावर बसून मी फोन लावला. मेव्हणा उठलेला होता, मागं गाईला हाकारणं चाललेलं. मी म्हणालो, "तुझ्या भावाला सांग, मी केलं तसं करू नको. तिला चालू दे. घरातलं जे काम झेपतं ते करू दे. झोप लागते का ते तिला विचार, आणि ती सांगेल तेच डॉक्टरला सांग."

"आसं का म्हनताय, दाजी? तुमी तर माग बंद..."

"ते सांगायलाच फोन केलाय," मी म्हणालो, आणि सांगितलं. कागद पिशवीच्या तळाशी ठेवल्याचं, डॉक्टरांपुढं खोटं बोलल्याचं, गोळीचं, मोरीचं, आणि दुपारच्या झोपेचं.   

 सगळं ऐकल्यावर नेहमी कौतुकानं बोलणारा त्याचा आवाज वेगळाच लागला.

"आक्का कुटं हाय? तिला द्या फोन."

मी मान वर केली. ती थांबली नव्हती. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला पोचली होती, डावा हात झुलवत, उजवा अजूनही जरा पोटाशी धरून.

"चालतीय," मी म्हणालो. "फेरी पुरी करून येऊ दे. मग देतो."